झोपेच्या वाटेवरचा नळ

गोवंडीची आमची गल्ली पाडली आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत आम्हाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. पाणी घरात, संडास घरात, वर जायला लिफ्ट. सगळं झकास. फक्त आईची झोप उडाली. बाबा गल्लीत असतानाच गेले, नवं घर त्यांनी पाहिलंच नाही. आई रात्रभर टक्क जागी आणि दिवसा चपात्यांच्या ऑर्डरी करताना गॅसपाशी पेंगायची. एकदा तिनं मनगट भाजून घेतलं, तेव्हा मात्र माझी टरकली. मी दिवसभर अंधेरीला ऑफिसात, घरात ती एकटी, समोर आग.

मी मोबाइलवर झोपेच्या युक्त्या शोधायला लागले. पहिली म्हणे, मनात मेंढ्या मोजा. आई म्हणाली, मेंढ्या नको, मी शेळ्या मोजते. लहानपणी जालन्याकडे तिनं शेळ्या राखल्या होत्या. सकाळी बघते तर डोळे लालभडक.

"अगं, एक कमी भरत होती. कशी झोपू?"

मी कपाळावर हात मारला. श्वासावर लक्ष ठेव म्हटलं, तर म्हणे लक्ष ठेवलं की तो अडकतो.

मग सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, ओळखीच्या वाटेनं मनातल्या मनात सावकाश चाला. आईनं आमची पाडलेली गल्लीच धरली. तोंडापासून निघायचं, दारोदार जय भीम करायचा, शेवटी आमचं दार. मला वाटलं, झालं काम. कुठलं काय! रोज नळापाशी पोचली की खाडकन जागी.

नळाला लागून जी शेजारीण राहायची, तिच्याशी आईचं वाकडं होतं. पाण्याच्या रांगेत तिनं एकदा आईचा हंडा मागे सारला, आणि आई भर गल्लीत बोलून गेली, "मरताना तुझ्या तोंडात पाणी घालायला कुणी येणार नाही!"

"अजून तिचा राग येतो का गं?" मी चहा पिताना विचारलं.

"राग कसला आता? तुझे बाबा गेले त्या दिवशी आपले सगळे हंडे कुणी भरले? तिनंच. आणि मी एक शब्द बोलले नाही. रोज रात्री ती तिथं हंडा घेऊन उभी असते. माझं तोंडच उघडत नाही."

ती शेजारीण आता आमच्याच इमारतीत, आठव्या मजल्यावर. आमच्या आईसारखी ताठ बाई अख्ख्या गोवंडीत सापडायची नाही. पण त्याच दिवशी आईनं गरम चपात्या डब्यात भरल्या, मला सोबत घेतलं आणि जाऊन बेल वाजवली. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "जय भीम. माझं चुकलं गं त्या वेळी."

शेजारीण दारातून बाजूला सरली. "आत ये ना. पाणी देऊ?"

आईनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामाच करून खाली ठेवला. मला तेव्हा आईचा इतका अभिमान वाटला, काय सांगू!

आता आई झोपते. रोज नाही, पण झोपते. गॅसपाशी पेंगत नाही. परवा मी विचारलं, "आपल्या दारापर्यंत पोचलीस का गं कधी?"

"नाही. नळावर ती बस म्हणते, मी बसते, तिथंच डोळा लागतो."

"आणि बाबा?"

"बसलेत दारात वाट बघत," पोळपाट पुसत आई म्हणाली. "बसू दे. मला घाई नाही."