फाईलमध्ये न लावलेलं पान

सयाजी फौजेतून कायमचा घरी आला, त्या दिवशी गावानं त्याला स्टँडपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवत आणलं. हलगी होती, गुलाल होता आणि चौकात हा भलामोठा बॅनर होता. त्यावर बंदूक रोखून उभा असलेला सयाजी. तोंड त्याचंच होतं, बंदूक मात्र स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर हातात दिलेली. सतरा वर्षांत सयाजीच्या हातात बंदुकीपेक्षा झाराच जास्त होता. तो फौजेत आचारी होता, आणि ही गोष्ट अख्ख्या गावात एकट्या त्याच्या बायकोला, क्रांतीला ठाऊक होती.

खोटं असं तो कधी बोलला नाही. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याचे वडील, आप्पासो, पारावर छाती फुगवून सांगत होते, "आमचा सयाजी बॉर्डरवर असतोय, तितं वर बर्फात." बॉर्डरवर तर तो होताच. तिथं काय करतो हे कुणी विचारलं नाही आणि यानंही सांगितलं नाही. मूग गिळून बसला. एकदा गिळले की मग दर सुट्टीला गिळावे लागतात. आणि ज्या मुलखात घराआड एक फौजी, तिथं भरती होऊन चपात्या लाटल्या म्हणून सांगायला कुणाची जीभ रेटणार?

आता वय अडतीस. पेन्शन येत होती, पण पोरगी कराडला शिकत होती आणि धडधाकट माणसाला दिवसभर घरात बसणं खायला उठत होतं. मग सयाजीनं काम शोधायचंच काम धरलं. पहाटे उठून दाढी, इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश आणि फाईल काखेत मारून सातची एसटी. सातारा झालं, कराड झालं, सांगली झाली. बँक बघितली, साखर कारखाना बघितला, सूतगिरणी बघितली. जागा सगळीकडं एकच मागायची, सिक्युरिटीची. फौजी म्हटला की तो दारात उभा राहणार, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं.

फाईलमध्ये फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्स असत. त्यातलं एक पान मात्र तो लावत नसे. फौजेत कोणतं काम केलं, म्हणजे ट्रेड कोणता, ते त्या पानावर लिहिलेलं होतं. साहेब लोक झेरॉक्स उलटसुलट करत आणि विचारत, "ट्रेडचं पान कुठाय?" सयाजी उभ्याउभ्याच म्हणे, "आणून देतो, सर." आणि परत त्या दाराला जात नसे. एका ठिकाणी तर मूळ पुस्तकच मागितलं. बघून तिथले साहेब हसले. "अहो, तुम्ही तर कुक! आम्हाला बंदूकवाला पाहिजे."

आठ महिन्यांत अकरा ठिकाणी चपला झिजवल्या. पण चिडला नाही, कुणावर ओरडला नाही. घरी यायचा, बूट जागेवर ठेवायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "बघू, उद्या सांगलीला जाऊन येतो." त्याच्या या शांतपणाचं गावाला मोठं कौतुक. फुकटचं कौतुक करायला काय जातंय! अकराव्या नकाराच्या दिवशी तो बूट काढायला वाकला आणि तसाच पायरीवर बसून राहिला. एक बूट पायात, एक हातात. उठायचंच त्याच्या जिवावर आलं होतं.

क्रांती बाहेर आली आणि शेजारी बसली. "आवं, कवापातुर त्या बंदुकीमागं पळनार? तुमास्नी येतंय ते सांगा की कुनाला तरी."

"आन आप्पा?"

"आप्पांचं आप्पा बघतील. हितं तुमी वाळाय लागलाय."

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्याच्या मेसला मुख्य आचारी पाहिजे होता, हे तिला बहिणीनं फोनवर सांगितलं होतं. सयाजी दुसऱ्या दिवशी गेला, ते पान फाईलमध्ये सगळ्यात वर लावून.

मेसच्या व्यवस्थापक बाईंनी पान वाचलं. "रोज चारशे माणसं जेवतात. जमेल?"

"सहाशेचं केलंय, मॅडम."

"पेशंटचं बिनमिठाचं वेगळं लागतं."

"ते आधीच काढून ठेवायचं. मीठ मागनं."

बाईंनी विचारलं, "मग इतके दिवस घरी का बसलात?"

"सिक्युरिटीत जागा बघत होतो, मॅडम."

बाई हसल्या. सोमवारपासून या म्हणाल्या.

संध्याकाळी गावात उतरला तर नोकरी लागल्याची बातमी त्याच्या आधी पोचलेली, कसली नोकरी ते मात्र कुणी विचारलं नव्हतं. आप्पासो पारावर रंगात आले होते. "मिरजेच्या दवाखान्याची समदी सिक्युरिटी आता सयाजीच्या हाताखाली!"

सयाजीला मान खाली घालून पुढं जाता आलं असतं. पण अजून वीस वर्षं हे ओढायचं त्याच्यात त्राण नव्हतं.

"आप्पा, सिक्युरिटी न्हाई. आचारी म्हनून लागलोय. फौजेतबी आचारीच हुतो."

पारावर तंबाखू मळत बसलेल्या बिरदेवचा अंगठा तळहातावर थांबला. आप्पासो उठले, धोतर झटकलं आणि कुणाकडं न बघता रानाची वाट धरली. दोन दिवस ते सयाजीशी बोलले नाहीत, जेवणही रानातच मागवून घेतलं. सयाजीला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण झोप मात्र त्याला दोन्ही दिवस गाढ लागली.

सोमवारी तो स्टँडच्या बाकावर गाडीची वाट बघत बसला होता. आप्पासो आले आणि शेजारी टेकले.

"गाडी आली न्हाई?"

"यील आता."

मग आप्पासोंनी घसा खाकरला.

"तितं वर बर्फात डाळ शिजती का रं?"

सतरा वर्षांत बापानं त्याच्या कामाचं काही विचारलं, ते हे पहिलंच. सयाजीला भरून आलं.

"कुकरबिगर न्हाई शिजत. पानी नुसतं उकळतंय, डाळ तशीच ऱ्हातीया."

"मग ती पोरं उपाशी ऱ्हात हुती का काय?"

"एकदाबी न्हाई, आप्पा. मी हुतो की तितं."