अण्णा, नियम आहे!

साइट ऑफिस रिकामं करताना टाइल्सची सॅम्पल्स फेकून देता येतात. किस्से कुठल्या टेम्पोत भरायचे? हल्ली खराडीतल्या काचेच्या ऑफिसात लंचला कुणी 'ग्रीन बिल्डिंग' म्हटलं, की मला आमचे अण्णाच आठवतात.

सरकारी पैशातून उभी राहणारी घरं. ग्रीन सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय लोकांना चाव्या नाहीत, अशी अट. ते मिळवायचं काम माझं आणि साइट इंजिनिअर अण्णांचं. मी चोवीसची, ते सत्तरीला टेकलेले. साठीनंतर माणसाला साइटवर येऊच देऊ नये, हे माझं तेव्हाचं ठाम मत!

*

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अण्णा, खिडक्यांवर शेडिंग डिव्हाइस हवं. नियम आहे."

"अगं, त्याला छज्जा म्हणतात. आमच्या वेळी तो नियमाशिवाय यायचा."

*

मग कमी पाण्याचे नळ आले. अण्णांनी खाली बादली ठेवली, खुर्ची ओढली, पेपर उघडला. अग्रलेख संपला तरी बादली अर्धीच!

"मॅडम, नळ उत्तम. फक्त अंघोळीला आदल्या दिवशी बसावं लागेल."

*

सगळ्यांत झोंबला तो पावसाचं पाणी जिरवायचा शोषखड्डा. अण्णा म्हणाले, पाणी गेटकडे वाहतं. मी म्हटलं, "माझ्याकडे डेटा आहे." जुलैत खड्डा कोरडा आणि गेटपाशी तळं! पँट दुमडून त्यात उभ्या अण्णांनी विचारलं, "पाण्याला मेल केला नव्हता का?"

खड्डा गेटपाशी नेला. माफी मी अजून मागितलेली नाही.

*

संध्याकाळी कामावरून सुटल्या, की मुलाणी भाभी आपला होणारा फ्लॅट बघायला यायच्या. मागोमाग इतर बायका. उन्हाळ्यात तर हातात पाण्याचे कॅन!

"अहो अण्णा, बाहेरच्यांना साइटवर सोडता? सेफ्टीचा नियम आहे!"

"बाहेरच्या कुठे? घरच्याच आहेत," म्हणत ते चहाला गेले.

*

सर्टिफिकेटची तपासणी मे महिन्यात, संध्याकाळी पाचला. नियमाप्रमाणे दोन्ही विंगांपुढे लावलेली सगळी रोपं हिरवीगार! साहेब खूश. मग फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले, "रोपांची ठिबक दाखवा."

मी टायमर दाबला. थेंब नाही. महिनाभर बंद होता म्हणे! तो रकाना रिकामा राहिला तर चाव्या लांबणार.

तेवढ्यात मुलाणी भाभींनी कॅन खाली ठेवला. "साहेब, बी विंगची ठिबक मीच. ए विंगवाली अजून बसमध्ये आहे."

साहेबांनी एकदा रोपांकडे पाहिलं, पेन काढलं आणि लिहिलं, 'ठिबक: चालू.'