पूछताछकाकांचा 'का'

पूछताछकाका कुणालाही 'बरा आहेस ना?' असं विचारत नसत. 'बरा आहेस का?' असं विचारत. ऐकणाऱ्याला यात फरक वाटत नाही. मलाही वाटला नव्हता. पण त्या एका अक्षरामुळे मी आज इथे आहे, आणि एवढंसं अक्षर एवढं काम करतं याचं नवल माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

काका रेल्वेत होते. स्टेशनवर ज्या खिडकीवर 'पूछताछ' लिहिलेलं असतं, तिच्याआड त्यांनी सगळी नोकरी काढली. म्हणून बालाजी घाटाजवळच्या आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना याच नावाने ओळखत. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या काशीतच गेलेल्या. "माझं मराठी गंगेत भिजलेलं आहे, जरा निथळून घेत जा," असं पहिल्याच दिवशी मला म्हणाले. मी तेव्हा चौदा वर्षांची. मामा इथे बँकेत होता आणि काकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. हिंगोलीकडच्या आमच्या गावातून त्याने मला शिकायला आणलं होतं.

"खिडकीवर दोन तऱ्हेचे लोक येतात," काका सांगत. "एक विचारतो, गाड़ी निकल गई क्या? दुसरा विचारतो, गाड़ी निकल गई ना? पहिल्याला माहिती पाहिजे असते. दुसऱ्याला नुसतं 'हां' पाहिजे असतं. त्याला 'उभी आहे, पळा' म्हटलं तरी तो दोन मिनिटं तिथेच थिजतो."

हे सांगताना ते चष्मा पुसत. प्रश्न विचारला की चष्मा काढायचा आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसायचं, ही त्यांची सवय. चष्मा आधीच स्वच्छ असायचा. समोरच्याला वेळ मिळावा आणि आपल्याकडे कुणी रोखून बघतंय असं वाटू नये, म्हणून ते पुसत, हे मला फार उशिरा कळलं.

माझं आडनाव काळे. इथल्या शाळेच्या हजेरीपटावर त्याचं 'काले' झालं. त्यात मी रंगाने सावळी. सरांनी 'काले' म्हटलं की मागच्या बाकावरून यायचं, "दिख रही है, सर." सर हसायचे नाहीत, पण कुणाला थांबवायचेही नाहीत. मग मोबाइलवर एक ग्रुप निघाला. त्यात रोज माझा फोटो नव्या वस्तूशेजारी: कधी तवा, कधी कोळसा, कधी टायर. जिच्याबरोबर मी डबा खायचे, तीही खाली हसणारी तोंडं टाकायची. घरी आईचा रोज फोन. "बरी आहेस ना गं?" "हो." ताट वाढताना मामी, "शाळेत ठीक ना सगळं?" "हो." त्यांची माया कमी नव्हती. पण प्रश्नातच उत्तर वाढलेलं असायचं, मी फक्त गिळायचे.

मार्चमधल्या एका दुपारी मी काकांची छत्री परत द्यायला खाली गेले. छत्री पावसाळ्यात नेलेली, कुणी मागितली नव्हती, आणि बाहेर लख्ख ऊन. त्याच आठवड्यात मी माझी रंगपेटी समोरच्या घरातल्या मुलीला देऊन टाकली होती, तेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी छत्री घेतली, उघडली, मिटली.

"सामान वाटतेयस," ते म्हणाले. "कुठे जायचंय का?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"मरावंसं वाटतंय का?"

कुठली गाडी पाहिजे असं विचारावं, तसा आवाज. तो शब्द कित्येक दिवस माझ्या एकटीच्या डोक्यात कोंडलेला होता. आता तो आम्हां दोघांच्या मधे, सतरंजीवर होता. मी "हो" म्हणाले. त्या वर्षातलं माझं पहिलं खरं 'हो'.

"सांगितलंस, बरं केलंस. आता हे तुझ्या एकटीकडे ठेवायचं नाही. माझ्या एकट्याकडेही नाही."

त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, मामीला हाक मारली, मामाला बँकेतून बोलावलं. मामीला रडू आवरेना. मामा सारखा म्हणत होता, "पण आम्ही रोज विचारत होतो ना हिला."

"विचारत होतात. 'ना' लावून," काका म्हणाले. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सगळे तसंच विचारतात, भाऊ. उत्तराची भीती वाटते. मला काय नाही वाटली? हे बघ." पुसता पुसता त्यांनी चष्म्याची एक काडी मोडली होती.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याने बांधलेला तोच चष्मा लावून ते आमच्याबरोबर सरकारी इस्पितळात आले. मामा म्हणाला, "तुम्ही नुसता विभाग सांगा, आम्ही जातो." काका म्हणाले, "फलाट सांगून भागत नाही, डब्यापर्यंत जावं लागतं." नोकरीतही म्हातारं माणूस दिसलं की खिडकी सोबत्यावर सोपवून ते डब्यापर्यंत जात, आणि येऊन साहेबाची बोलणी खात. आत डॉक्टरबाईंनी मला तोच प्रश्न विचारला, तसाच सरळ. बाई त्यासाठी वर्षानुवर्षं शिकल्या होत्या. काका कुठे शिकले होते?

बरं व्हायला महिने गेले. गोळ्या होत्या, दर पंधरवड्याला बाईंशी बोलणं होतं. मामाने शाळेत तक्रार केली. ग्रुप बंद झाला आणि दुसऱ्या नावाने पुन्हा निघाला. नववीतच मी शाळा सोडली. "परत जाशील ना?" असं सगळे म्हणाले. काकांनी विचारलं, "जायचंय का?" मी नाही म्हटलं. "ठीक है," म्हणाले.

जीव घाबरा झाला की मी जिन्यातूनच विचारायचे, "काका, माझं पुढे काय होणार?"

"गाडी कधी पोचेल ते खिडकीवाल्याला ठाऊक नसतं. आत्ता कुठे आहे, तेवढं सांगता येतं. तू कुठे आहेस?"

"जिन्यात."

"हातात काय?"

"मटार."

"मग रडत सोलू नकोस. भाजी खारट होईल."

स्वभाव माझा अजून धास्तीचाच आहे. पण आता धास्ती वाटली की मी कुणाला तरी सांगते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत मी काउंटरवर बसते. ती नोकरीही काकांनीच मिळवून दिली. खोलीची किल्ली देताना मी "प्रवास नीट झाला का?" असं विचारते. लोक खरंच सांगायला लागतात, हरवलेल्या पिशवीपासून सुनेपर्यंत. मागे रांग खोळंबते.

गेल्या हिवाळ्यात काका पुण्याला मुलाकडे निघाले, कायमचे. गुडघ्यांना घाटाच्या पायऱ्या झेपेनाशा झाल्या होत्या. मी डब्यापर्यंत गेले. सामान लावलं आणि काळजीने नेहमीसारखी सुरू झाले. "पाणी घेतलं ना? गोळ्या वर ठेवल्यात ना? काका, तिकडे बरं वाटेल ना तुम्हाला?"

"हां," ते म्हणाले. "हां. हां."

तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. मी समोर बसले. माझ्याकडे चष्मा नव्हता, म्हणून त्यांची पाण्याची बाटली ओढणीने पुसायला लागले.

"काका, जायचंय का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

गाडीची शिटी झाली. "उतर आता," म्हणाले. मी उठले नाही.

"इलाहाबादपर्यंत येते."

"तिकीट?"

"टीसीला विचारते."

त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला. काडीला अजून तोच दोरा होता. "त्याला मात्र 'चालेल ना?' असं विचार," ते म्हणाले. "तिथे 'ना'च लावायचा."

गाडी हलली. गंगेचा पूल मागे पडल्यावर ते हळूहळू बोलायला लागले. इलाहाबाद येईपर्यंत मी बाटली पुसत होते.