हळदीच्या कॅसेटने खाल्लेला मासा

चाळीतल्यांनो, आपल्या केबलवाल्या बंड्याला अक्कल आहे का, ते आधी सांगा! आज रविवार, दुपारी टीव्हीवर स्पेन देशातल्या जुन्या चित्रांची मालिका लागलेली. इंग्रजी मला येत नाही, सून मराठीत सांगत होती. राजे झाले, राण्या झाल्या, नि मग एका चित्रात नुसत्या माशाच्या लाल तुकड्या! माझा जन्म मासे कापण्यात गेला, पण त्याचं कुणी चित्र काढेल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर बंड्याच्या मेव्हण्याची हळद! चालू चॅनलवर लग्नाची कॅसेट घातली बंड्याने.

खाली त्याच्या केबलच्या खोलीत जाऊन झापलं त्याला. म्हणतो, "मावशी, असली चित्रं चाळीत कोण बघतं?"

"मी बघते!"

"एकट्या तुमच्यासाठी चॅनल अडवू? चार घरं आणा, मग पुढच्या रविवारी हात लावणार नाही."

रागात जिना चढले, तर कांबळे वहिनी दारातच उभ्या. "मावशी, तो मासा तुम्ही तरी पुरा बघितलात का हो? आमचा अर्धाच राहिला."

म्हणजे दोन घरं झाली. अजून दोन निघतील, मला खात्री आहे. लाजताय कशाला? शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथंच फळ्यावर, माझ्या लिहिण्याखाली नाव टाका. बोला, कोण कोण बघणार?