गोजरबाईंची बावीस मिनिटं

लॅपटॉप बंद केला की शीला आधी हात धुवायची. भारनियमनात बॅटरीवर काम चालावं म्हणून धाकट्या भावाने, गोरखने, तो चाकणच्या एका इंजिनिअरकडून जुना घेतला होता. चार वर्षांत त्याच्या कळांच्या फटींत लग्नांतली हळद, तंबाखूची भुकटी आणि वडापावचा चुरा जाऊन बसला होता. कापसाची काडी करून शीला रोज सकाळी त्या फटी पुसायची. आतली घाण मात्र काडीने निघणारी नव्हती. पडदा उघडला की 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', 'फायनल', 'नवं फायनल', 'खरं फायनल' अशी रांगच लागायची, आणि त्यातलं कुठलं खरं ते गोरखलाही सांगता येत नसे.

जुन्नरच्या स्टँडमागचा हा फोटो स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा. लग्न दीड वर्षात मोडून शीला माहेरी आली, तेव्हा वडिलांनी तिच्या हातात बारीक पेन्सिल दिली आणि निगेटिव्हवरचे देवीचे व्रण बुजवायला शिकवलं. पुढे व्हिडिओ आला, मग कॉम्प्युटर आला. चाळिशीत क्लास लावून ती तेही शिकली. आता शूटिंग गोरख करायचा आणि कापाकापी, जुळणी, डीव्हीडी हे सगळं शीला करायची. नवरी घाम पुसताना दिसली तर तेवढा तुकडा ती हलक्या हाताने काढून टाकायची. कुणाला त्याचा पत्ताही लागत नसे.

दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर पिंपरी पेंढारच्या भिमाजीची आई, गोजरबाई, वारली. भिमाजी मोठा बागायतदार, येत्या निवडणुकीत तिकिटावर डोळा ठेवून असलेला. दशक्रियेला नदीकाठी मांडव पडला, प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सतरा जण बोलले. गोजरबाईंना त्यांतल्या दोघांनी पाहिलं असेल नसेल. बाकीच्यांनी बंधारे, डांबरी रस्ते आणि स्वतःची निष्ठा यांवर भाषण केलं. एकाने तर बाईंचं नावच चुकवलं. पिंडाजवळ येऊन बसलेला कावळाही ताटकळून उडून गेला. गोरखने दोन कॅसेटी भरून हे सगळं टिपलं.

दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉपमध्ये उतरवायला बसला, तर डिस्क भरल्याची पाटी आली. ऐंशी जीबीतली दोनच शिल्लक होती आणि दोन कॅसेटींना लागत होती सव्वीस.

"आक्का, हे जरा मोकळं कर," म्हणून तो लग्नाचं शूटिंग ठरवायला आलेल्या पावण्यांना चहा पाजायला निघून गेला.

शीलाने पदर खोचला. पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलेलं कधी कुणी रिकामंच केलं नव्हतं; पाच जीबीचा कचरा त्यातच कुजत पडला होता. मग गोरखचे सिनेमे निघाले. एकच गाणं चार ठिकाणी. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या फ्लेक्ससाठी गोळा केलेले वाघ, सिंह, उगवते सूर्य, आणि गोरे करून ठेवलेले पुढाऱ्यांचे चेहरे. एकाच चेहऱ्याच्या अकरा प्रती, प्रत्येकीत तो थोडा आणखी गोरा. तिने ते सगळं पुसलं. आणखी सहा जीबी मोकळी झाली. एका कॅसेटीपुरती जागा झाली होती.

एवढ्यात घोडेगावहून नूतन आली. गोजरबाईंची मुलगी, भिमाजीची बहीण, पन्नाशीची, डोळे सुजलेले. बाकड्याच्या कडेवर टेकून तिने विचारलं, "ताई, तीन वर्षांमागं आमच्या भाच्याचं लगीन तुमीच काढलं व्हतं ना? हळदीच्या दिशी आई जात्यावर बसून ओव्या म्हनत व्हती. गोरखभाऊंनी लई वेळ मशीन तिच्यावर धरलं व्हतं. पर सीडीत ते आलंच न्हाई."

शीलाला आठवलं. भिमाजीनेच सांगितलं होतं, म्हातारीचं रडगाणं काढा आणि सिनेमाचं गाणं टाका. तिने काढलं होतं, पण मूळ चित्रण पुसलं नव्हतं.

"बावीस मिनिटं आहे," ती म्हणाली.

नूतनने पदर तोंडाला लावला. "आईला लिवता येत नव्हतं. फोन कानाला लावला की गप व्हायची. तिचा आवाज कुटंच न्हाई ओ दुसरा. मला तेवढा द्या."

"देते. कोरी सीडी संपली आहे, दुपारी आणते. उद्या या."

नूतन गेली. शीला जेवायला घरी निघाली तेव्हा गोरख आत येत होता.

"झाली जागा?"

"एका कॅसेटीची. आधी एक उतरव. तिची डीव्हीडी झाली की ती पूस आणि मग दुसरी घे."

"भिमाजीला तेराव्याला डीव्हीडी पायजे, आक्का. पुढारी येनार हायेत. एक शब्द कापायचा न्हाई म्हनलाय."

"मग रात्री बसू आपण."

एवढं बोलून ती गेली. नूतनचं काही सांगावं असं तिच्या मनात आलं नाही. ते चित्रण कुठे आहे हे तिला ठाऊक होतं आणि तेवढं तिला पुरेसं वाटलं.

वडिलांच्या वेळेपासून स्टुडिओत एक रीत होती. निगेटिव्हच्या पाकिटावर काम सांगणाऱ्या पुरुषाचं नाव घालायचं. फोटो बायकोचा असो, लेकीचा असो की मेलेल्या आईचा, पाकिटावर नाव कर्त्याचं. कॉम्प्युटर आल्यावर शीलाने तीच रीत पुढे चालवली. गोजरबाईंच्या ओव्या 'भिमाजी लग्न' या नावाखाली होत्या.

ती परतली तेव्हा कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपला जोडलेली होती आणि पडद्यावर एक पांढरा सदरा हात उडवत बोलत होता.

"दोन्ही बसत्यात बघ आता," गोरख खुशीत म्हणाला. "भिमाजीचं लगीन उडवलं. डीव्हीडी देऊन तीन वर्सं झाली, कशाला सांभाळायचं? टोपलीत बी ठिवलं न्हाई, डायरेक्ट पुसलं."

शीलाने वायर उपटली.

"आक्का, काय करती?"

"हात लावू नकोस त्याला. काहीही लिहू नकोस त्याच्यावर."

"अगं पर झालं काय?"

"गोजरबाई होती त्यात."

"मंग कॅसेटीवर आसंल की."

"त्या कॅसेटीवर तू नंतर तीन लग्नं काढलीस, गोरख."

तो म्हणाला, "नाव तर भिमाजीचं व्हतं."

ते शीलाला सगळ्यात झोंबलं, कारण नाव तिनेच घातलं होतं. तीस वर्षं ती फटीफटीतला मळ काढत होती आणि हा मळ तिला स्वतःच्या हातावर कधी दिसला नव्हता.

कॉम्प्युटर क्लासचे ज्ञानेश्वर सर लॅपटॉप घेऊन गेले. भिमाजीची डीव्हीडी तोवर अडली, आणि नूतनला तेराव्यानंतर यायचा निरोप गेला. पुसलेली जागा लगेच कोरी होत नाही, वर दुसरं काही लिहिलं गेलं नाही तोवर जुनं मिळू शकतं, असं ते म्हणाले. पण वीस मिनिटांचं भाषण लिहून झालं होतं. दोन दिवसांनी त्यांनी जे हाती दिलं ते शीलाने एकटीने बसून पाहिलं. गोजरबाई जात्याला हात घालतात, एक ओवी अर्धी होते आणि मध्येच पांढरा सदरा उगवतो, "माझ्या कारकिर्दीत" म्हणतो. पुन्हा जातं. पुन्हा सदरा. बाईंच्या अर्ध्या तोंडावर त्याचा हात. शीलाने उठून मोरीत जाऊन चूळ भरली. मग बसली आणि त्याचा एकेक तुकडा कापून काढला. उरली सहा मिनिटं, तीन ठिकाणी तुटलेली.

तेरावा झाल्यावर नूतन आली. शीलाने ते तिला तिथेच दाखवलं. दुसऱ्या तुकड्यात गोजरबाई ओवी थांबवून कॅमेऱ्यामागे कुणावर तरी खेकसत होत्या, "नूतन, सूप उताणं ठिवू नको, कितींदा सांगायचं." नूतन हसली, आणि मग हसतच रडत राहिली. तिने ते तीनदा पाहिलं.

"बावीस मिंटं म्हनला व्हता, ताई."

"होती. आम्ही पुसली. भाषणांना जागा हवी होती म्हणून."

गोरख दारात उभा होता. तो पुढे आला. "बाई, मुद्दाम न्हाई केलं. खरंच जागा नव्हती ओ."

नूतनने सीडी रुमालात गुंडाळली, गाठ मारली आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "सतरा जनांना व्हती की, भाऊ."

घोडेगावची गाडी लागली होती. ती निघून गेली. गोरख लॅपटॉपसमोर बसला आणि बराच वेळ त्याने कशालाही हात लावला नाही.