एका हातात मावणारा फोन

गल्लीतल्या बायका मला विचारत असतात, "रेखा, तुझा फोन कसा हाय गं? लहान घ्यावा का मोठा?" मला हे विचारणं म्हणजे विहिरीतून वर काढलेल्या माणसाला पाण्याची चव विचारणं आहे. पण विचारलंच आहे तर बसा, चहा टाकते. फोनचं सांगायचं म्हणजे माझी फजितीपण सांगावी लागते, ती दोन्ही एकमेकांत अडकलेली आहेत. हसू आलं तर खुशाल हसा. मला मात्र हसायला लई दिवस लागले.

आधी फोन काहून घेतला ते ऐका. आमची गौरी अडीच वर्षांची. तिला ताप चढला की कधी कधी झटके येतात. डोळे वर जातात, अंग ताठ होतं, आणि मी समोर असून मला ओळखत नाही. पहिल्या वेळी मला वाटलं, लेकरू गेलं. त्याच्या पुढचं मी कुणाला सांगत नाही.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "झटका एका बाजूला येतो का दोन्ही? किती वेळ राहतो? नंतर लगेच रडते का झोपते?" मला एकाचंही उत्तर देता येईना. त्या वेळी मी लेकराकडं बघत होते का देवाकडं, हेच मला आठवेना.

डॉक्टर म्हणाले, "तापातले साधे झटके असतील तर पोरगी मोठी झाली की जातात. दुसरं काही असेल तर डोक्याची तपासणी करावी लागेल, रोजचं औषध लागेल. माझ्यापुढं तर तिला झटका येत नाही. पुढच्या वेळी तिला कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, आणि हात न हलवता मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा."

आता सगळं त्या व्हिडिओवर आलं. आणि घरात होता बटणांचा फोन, त्याच्यात टॉर्च तेवढा चांगला.

गौरीचे पप्पा पुण्याकडं कंपनीत आहेत. सुट्टीवर आले तेव्हा आम्ही हिंगोलीला दुकानात गेलो. दुकानदारानं एकाहून एक मोठे फोन मांडले. एकेक फोन पोळपाटाएवढा. मी काय केलं, गौरीला डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हातात एकेक फोन धरून अंगठा फिरवून बघितला. मोठ्या फोनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत माझा अंगठाच जाईना.

दुकानदार म्हणाला, "ताई, फोन घ्यायलात का वजन करायलात?"

शेवटी एक लहान फोन हातात बराबर बसला. ना लई भारी, ना लई हलका, किंमत मधली. कॅमेरा चांगला, तोंड दाखवलं की कुलूप उघडतं. हे झाले गुण. अवगुण दुकानदारानंच सांगितले, माणूस खरा होता. बॅटरी लहान, जपून वापरावी लागेल. उन्हात पडद्यावर नीट दिसत नाही. आवाज बारीक.

गौरीचे पप्पा म्हणाले, "अगं, तेवढ्याच पैशात मोठा येतो. एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको."

मी म्हटलं, "मोठ्याला दोन हात लागतात. माझा एक हात पोरीखाली असतो."

त्यांनी पैसे काढून दिले. दुकानदारानं डबा बांधला.

साखऱ्याला, आमच्या गावी, घरी आले तर सासूबाईंनी, मी त्यांना आत्याबाई म्हणते, फोन तळहातावर घेऊन उलटापालटा केला. "एवढासा? याच्यात पोटभर बोलता तरी येतं का?"

पण चार दिवसांत त्यांनी त्या फोनचा एक असा गुण शोधून काढला की जो दुकानदारालाही माहीत नव्हता. कॅमेरा आपल्याकडं वळवला की फोनचा आरसा होतो. करंड्याच्या झाकणात असतो ना, बराबर तेवढा. वळवायचा कसा हे त्यांना कुणी शिकवलं? मीच शिकवलं, दुसरं कोण? रोज शेतात जायच्या आधी आत्याबाई माझ्या तोंडापुढं धरून फोन उघडून घ्यायच्या, त्याच्यात बघून कुंकू लावायच्या आणि तसाच वळवलेला कॅमेरा ठेवून निघून जायच्या.

आणि मी शहाणी. बॅटरी वाचावी म्हणून पडद्याचा उजेड पार कमी करून ठेवलेला.

एक दिवस सकाळी गौरीचं अंग तापलं. औषध पाजलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, तिला घेऊन अंगणात उन्हाला बसले आणि तेवढ्यात तिचे डोळे वर गेले.

आता बघा, या वेळी मी तयार होते. कुशीवर झोपवलं. एक हात तिच्या पाठीवर, एका हातात फोन. तोंड दाखवलं, उघडला. कॅमेरा लावला, लाल टिंब दाबलं. उन्हात पडदा काळा कुट्ट, काही दिसेना, पण मला कुठं पडद्यावर बघायचं होतं? माझे डोळे लेकरावर होते. हात मात्र मी डॉक्टरांनी सांगितल्यासारखा जराही हलू दिला नाही. माझ्या आयुष्यात मी एवढ्या थंड डोक्यानं कधी वागले नव्हते. झटका थांबला, गौरीनं "आई" म्हटलं, मोठ्यानं रडली, तेव्हाच मी टिंब परत दाबलं.

आत्याबाई आणि मी तिला घेऊन हिंगोलीच्या जीपमध्ये बसलो. फोनची बॅटरी संपत आलेली. म्हटलं, बंद पडायच्या आधी तिच्या पप्पांना व्हिडिओ पाठवून ठेवावा. न बघताच पाठवला. परत बघायची माझी छातीच नव्हती. व्हिडिओ गेला आणि फोननं जीव सोडला.

दवाखान्यात कंपाउंडरनं फोन चार्जिंगला लावून दिला. डॉक्टरांनी गौरीला तपासलं, ताप बघितला आणि म्हणाले, "व्हिडिओ काढलाय का?"

"काढलाय," मी म्हटलं. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं म्हटलं.

डॉक्टरांनी व्हिडिओ लावला. बघितला. परत पहिल्यापासून लावला. मग माझ्याकडं बघितलं.

"ताई, याच्यात तर झटका तुम्हालाच आलेला दिसतोय."

मी वाकून बघितलं. पडदाभर माझं तोंड. पदर सुटलेला, नाक वाहतंय, डोळे खाली लावलेले, ओठ हलतायत. लेकराचं एक बोटसुद्धा नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी, अजिबात न हलता.

ज्याच्यासाठी फोन घेतला, ज्याच्यासाठी अंगठा मोजून बघितला, ते सगळं वाया. आता परत झटका यायची वाट बघायची का? कोणती आई अशी वाट बघेल?

डॉक्टरांनी बोट ठेवलं, "आणि हे तुमच्या मागून चप्पल घेऊन कोण पळत येतंय?"

खरंच, माझ्या खांद्यामागं आत्याबाई. हात वर, हातात चप्पल, डोळे फाटलेले.

"मीच की ती," आत्याबाई म्हणाल्या. "लेकराला हुंगवायला आणली."

"आजी, चप्पल हुंगवून झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो."

"मंग थांबला का न्हाई?"

डॉक्टरांनी आवाज पूर्ण वाढवला आणि तो लहान फोन कानाला लावला, आवाज बारीकच ना. डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं, आता हे माझ्या रडण्याचं काय ऐकायलेत?

मग म्हणाले, "तुम्ही सारखं बोलताय यात. ऐकलंय का? 'गौरे, दोन्ही हात काहून उडवायलीस बाई. दोन्ही पाय पण. इकडं बघ.' म्हणजे दोन्ही बाजूला आलाय. किती वेळ ते व्हिडिओच्या लांबीवरून कळतं, फार नाही. आणि शेवटी ती 'आई' म्हणून रडली, ते स्वच्छ ऐकू येतंय." त्यांनी फोन खाली ठेवला. "तापातलाच वाटतो. आज डोक्याची तपासणी नको. पण लक्ष ठेवा, आणि पुढच्या वेळी कॅमेरा लेकराकडं करा."

मी तिथंच खुर्चीत बसून रडले. या वेळी कुणी व्हिडिओ काढला नाही, बरं झालं.

पण फजिती अजून संपली नाही. चहा घ्या, गार व्हायलाय.

फोन टेबलावर वाजायला लागला. गौरीचे पप्पा.

"रेखा, कुठं हाईस तू? माहेरी गेलीस का? लई लागलं का?"

"कुणाला लागलं?"

"आईनं मारलं ना तुला? मी बघितलं सगळं. कवापासून फोन लावून राहिलो, बंद."

कंपनीत मशीनचा एवढा आवाज की व्हिडिओतलं त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी बघितलं ते एवढंच, बायको रडतेय आणि मागून आई चप्पल घेऊन येतेय. मग व्हिडिओ संपला आणि बायकोचा फोन बंद. त्या माणसानं काय समजावं? मी खरं काय ते सांगितलं. लेकराला झटका आला होता हे त्यांना मीच फोनवर सांगत होते, आणि ते चपलेचं भांडण मिटवायला बसले होते. मग बारीक आवाजात म्हणाले, "पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय. बिस्किट खायली."

"मी मामाला पाठवून दिलंय घरी. आईला समजवायला."

घरी आलो तर ओट्यावर कनेरगाव नाक्याचे मामा, म्हणजे आत्याबाईंचे धाकटे भाऊ, मांडी घालून बसलेले. शेजारची दोन-चार माणसंही जमलेली. मामांनी घसा साफ केला.

"अक्का, या वयात सुनंवर चप्पल उगारायलीस? लोक काय म्हणतील?"

आत्याबाईंनी वाकून पायातली तीच चप्पल काढली. "सुनंवर न्हाई उगारली. आता भावावर उगारते. ऊठ."

मामा उठले. मग सगळं ऐकल्यावर परत बसले आणि गौरीला मांडीवर घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, हा कॅमेरा परत मला फसवणार नाही. कपाळाची टिकली काढली आणि फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटवली, घट्ट. आता वळवला तरी दिसणार काय? डोकं आहे का नाही मला? आत्याबाई शेतातून यायच्या आत मी हे पक्कं काम करून ठेवलं.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, गौरीचं अंग परत कोमट लागलं. मी औषध पाजलं, तिला कुशीवर निजवलं, फोन हातात घेतला आणि तोंडापुढं धरला.

उघडेना.

परत धरला. केस मागं सारले, पदर सावरला, हसून बघितलं. उघडेना. नंबरनंपण उघडतो म्हणे, पण तो नंबर दुकानदारानं टाकून दिलेला, मला कुठला पाठ? पोरीचं अंग तापत चाललेलं आणि माझा फोन मला ओळखीना.

"आत्याबाई, फोन बिघडला. मला वळखतच न्हाई."

आत्याबाई आल्या. आधी गौरीच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, मग फोनकडं. नखानं टिकली उचकटली आणि माझ्या कपाळावर दाबून लावली.

फोन लगेच उघडला.

आत्याबाई रागानं म्हणाल्या, "नवरा जित्ता असून रिकामं कपाळ घेऊन बसलीस. त्यो तरी कसा वळखील?"

ताप उतरला. झटका आला नाही. मी मात्र तिच्या उशाशी फोन धरून बसूनच राहिले, कॅमेरा लावून, एका हातात, डोळे तिच्यावर, अजिबात न हलता. गौरी जागी झाली, उठून माझ्या मांडीवर आली, पडद्यात बघून खुदकन हसली आणि बोट दाखवून म्हणाली, "आई."

मी पडद्यावर बघितलं. परत माझंच तोंड.