शिवमूर्तीअप्पांची परतीची पाटी

लातुरात क्लासेसच्या गल्लीत कॉम्प्युटरच्या सीड्या विकणारं एक दुकान होतं, आणि त्या दुकानात पांढरीशुभ्र गादी अंथरलेली असायची. गादीवर लोड, लोडाला टेकून धोतर-टोपीतले शिवमूर्तीअप्पा, आणि त्यांच्या मागच्या फळ्यांवर गाड्यांच्या शर्यतीचे, मारामारीचे, बायोलॉजीचे आणि इंग्रजी शिकवणारे चकचकीत डबे. नवीन गिऱ्हाईक उंबऱ्यातच थबकायचं. आपण चुकून लुगड्यांच्या दुकानात तर शिरलो नाही, अशी शंका त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायची.

त्यात त्याची फार चूकही नव्हती. अप्पांचा जन्म लुगड्यांत गेला होता. औशाच्या पुढं एका बाजाराच्या गावात त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. तिथला रिवाज असा की लग्नाचा बस्ता काढायला आलेल्या बाईनं दहा साड्या घरी न्यायच्या, सासू-नणंदांना दाखवायच्या, पसंत पडतील त्या ठेवायच्या आणि बाकीच्या घडी न मोडता आणून द्यायच्या. चिठ्ठी नाही, सही नाही. परत आलेला माल हसून घ्यायचा, असं वडिलांनी सांगितलं होतं आणि अप्पांनी ते चाळीस वर्षं पाळलं. परत घेताना अप्पांचं तोंड वाकडं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता.

त्र्याण्णवच्या भूकंपात ते दुकान जमीनदोस्त झालं. आठ-दहा दिवसांनी अप्पा पत्र्याच्या शेडखाली सुन्न बसलेले असताना सिद्धम्मा नावाची एक म्हातारी आली. गणपतीच्या आधी तिनं नातीच्या लग्नासाठी पाच साड्या नेल्या होत्या. नात गेली होती, घर गेलं होतं. साड्या मात्र तिनं मातीतून काढून, झटकून, फडक्यात बांधून आणल्या होत्या. "घडी मोडली न्हाई अप्पा, मोजून घ्या," ती म्हणाली. अप्पांना त्या मोजवल्या नाहीत. गाठोडं छातीशी धरून ते लहान मुलासारखे रडले.

पुढं लातूरला आले, मुलाकडं राहिले. मुलाची नोकरी बदलीची, त्यामुळं घरात बहुतेक वेळ अप्पा आणि सून राजश्री दोघंच. राजश्री कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, हुशार आणि जराशी तापट. दोन हजार तीन साली गावोगावच्या पोरांनी लातूर नुसतं फुलून गेलं होतं. ज्याच्या घराला एक जास्तीची खोली, तो होस्टेलचा मालक. राजश्रीनं हट्टानं हे दुकान काढलं. खरेदी तिची, माहिती तिची. अप्पांनी फक्त गल्ल्यावर बसायचं, असं ठरलं होतं.

पण चाळीस वर्षं बोलून माल विकलेला माणूस गल्ल्यावर गप्प कसा बसेल? राजश्री दुपारी जेवायला घरी गेली की अप्पा आपल्या पद्धतीनं दुकान चालवायचे.

"घरी न्या, बगा," ते पोरांना सांगायचे. "पसंत न्हाई पडली तर आणून द्या. लाजायचं न्हाई."

पोरं लाजली नाहीत. पहिल्याच महिन्यात शर्यतीच्या खेळाच्या अकरा सीड्या गेल्या आणि अकराच्या अकरा परत आल्या. पोरं मोठी संस्कारी. वाकून नमस्कार करायची, प्लास्टिकचा कागद फाटला म्हणून हळहळायची. एक म्हणाला, "अप्पा, यातल्या गाडीचा रंग मनात न्हाई भरला." दुसरा म्हणाला, "आईला न्हाई आवडली." अप्पांना हे सगळं ओळखीचं वाटलं. काठ आवडला नाही, पदर भरजरी नाही, हेच ऐकत तर आयुष्य गेलं होतं. सगळ्यांची समजूत काढून ते सीड्या फळीवर ठेवायचे.

एकदा मुलाला फोन लावायला ते पलीकडच्या सायबर कॅफेत गेले. तिथं ओळीनं सहा कॉम्प्युटर होते आणि सहाही पडद्यांवर तीच गाडी, त्याच न आवडलेल्या रंगाची, सुसाट पळत होती. खेळणारी पोरंही तीच. अप्पांना पाहताच सगळी उठून उभी राहिली. पाया पडली. एकानं तर खुर्ची पुढं केली. "बसा ना अप्पा, खेळून बगता का?"

अप्पा दुकानात आले आणि राजश्रीला भाबडेपणानं म्हणाले, "आगं, त्यांनी तर सीड्या परत दिल्या. मग खेळायलेत कशावर?"

राजश्रीनं कपाळावर हात मारला. एका सीडीची दुसरी हुबेहूब सीडी पाच-दहा मिनिटांत निघते, हे तिनं सासऱ्यांना समजावून सांगितलं. साडी परत आली म्हणजे साडी परत आली. ती परत येऊनही नेणाऱ्याच्या घरीच राहते, हा प्रकार त्यांच्या चाळीस वर्षांत बसत नव्हता.

दोन दिवसांनी माल पुरवणारा आलोक पुण्याहून आला. चांगला मुलगा, पण शब्दांना इस्त्री केलेली. "काका, कागद फाटलेला माल कंपनी परत घेत नाही. हे अकरा नग तुमचेच. आणि पुन्हा असं झालं तर मला इथं माल पाठवणं बंद करावं लागेल."

माल बंद म्हणजे दुकान बंद. राजश्री पाठ फिरवून डबे पुसायला लागली. अप्पांना तिचे खांदे हलताना दिसले. पोरीनं जीव ओतून उभं केलेलं दुकान आपल्या चांगुलपणापायी बसणार, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी लागली. लाल अक्षरांत: 'कागद फोडलेली सीडी परत घेतली जाणार नाही.' अप्पांनी लोड फिरवून घेतला आणि ते पाटीकडं पाठ करून बसायला लागले. तोंड तिकडं गेलं की वडील समोर उभे राहतात, असं त्यांना वाटायचं.

त्याच आठवड्यात अहमदपूरकडच्या एका खेड्यातून कावेरीबाई आल्या. लेक दीपाली अकरावीला लातुरात, पाच मुलींच्या एका खोलीत राहणारी. वर्गातल्या मुलींनी सांगितलं म्हणून बायोलॉजीची सीडी हवी होती. कावेरीबाईंनी दोन दिवसांची मजुरी पदराच्या गाठीतून सोडली. अप्पांनी सीडी पिशवीत घालून दिली आणि पाटीकडं बोट दाखवलं. ते करतानाही त्यांना कसंसंच झालं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, लेकीला घेऊन. सीडीचा कागद फाटलेला होता.

"चालत न्हाई ओ अप्पा ही," कावेरीबाई म्हणाल्या. "दिपी गावाकडं आली तवा दिराकडच्या पिक्चरच्या मशिनीत घातली. आक्खी गल्ली बगायला बोलावली हुती. उदबत्ती लावली, नारळ फोडला. निस्ता निळा पडदा. दोन तास बसलो समदे, आता लागंल, मग लागंल. शेवटाला खोबरं खाऊन गेली लोकं."

दीपाली ओशाळून जमिनीकडं बघत होती. तिला बिचारीलाही कॉम्प्युटरची सीडी आणि सिनेमाची सीडी यांतला फरक कुणी सांगितला नव्हता. गोल आणि चकाकणारी दोन्ही.

अप्पांचा हात पुढं झाला. चाळीस वर्षांची सवय. मग तो मधेच थांबला, कारण राजश्री त्यांच्याकडं बघत होती. रागानं नाही, तेच वाईट होतं. ती घाबरलेली होती. आज एक परत घेतली की उद्या सगळी गल्ली दारात, आणि परवा दुकानाला कुलूप.

कावेरीबाईंनी ते ओळखलं असावं. "पाटी वाचली हाय मी. परत घेऊ नका. निस्तं चालती का तेवढं बगा."

राजश्रीनं सीडी दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. क्षणभरात पडद्यावर माणसाचं काळीज उमटलं आणि धडधडायला लागलं. निळं रक्त आत, लाल रक्त बाहेर. कावेरीबाई चक्क गादीवर बसल्या. "आगं बया! चालतंय की!" त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला. दीपालीनं तर माउस कधी हातात घेतला तेही कुणाला कळलं नाही. ती काळजाचे कप्पे एकेक उघडत गेली आणि नावं पुटपुटत राहिली.

मग ते संपलं. सीडी डबीत गेली. कॉम्प्युटर ना खोलीवर, ना गावाकडं. माल चांगला होता, परत घेता येत नव्हता, आणि घेणाऱ्याच्या काही उपयोगाचा नव्हता. अप्पांना स्वतःची भयंकर लाज वाटली. विकताना आपण एका शब्दानं विचारलं नाही की बाई, ही लावणार कशावर? साडी विकताना कुठं नेसणार म्हणून विचारत नाहीत, म्हणून हेही विचारलं नाही.

दीपाली चप्पल घालत होती. गादीवर मायलेकी बसल्या होत्या तिथं चादर चुरगळली होती. अप्पांनी सवयीनं ती ताणून सारखी केली आणि हात तसाच चादरीवर राहिला.

"राजश्री," ते म्हणाले, "गादी कशापायी असती गं दुकानात?"

"बसायला, मामा."

"न्हाई. माल उलगडायला. घरी न्यायचा रिवाज लग्नाघरचा, ओळखीच्या माणसांचा. बाकीच्यास्नी हितंच पन्नास साड्या उलगडून दाखवायचो की आपण! आधी गादीवर बगायचं, मग न्यायचं. मी निम्माच रिवाज उचलला आन् तोंडावर पडलो." ते दीपालीकडं वळले. "पोरी, तुझी सीडी तुझ्यापाशीच राहू दे. क्लास सुटला की हितं यायचं आन् गादीवर बसून बगायची. परत घ्यायचं न घ्यायचं भांडणच न्हाई."

त्याच दिवशी कॉम्प्युटरचं तोंड गिऱ्हाइकाकडं झालं. परत आलेल्या, फाटक्या कागदाच्या सीड्या दाखवायला कामी आल्या. पाटीवर राजश्रीनं वरच्या बाजूला आणखी एक ओळ रंगवली: 'दुकानात बसून बघा, मग न्या.' आता कुणाच्या आईला खेळ आवडला नाही, असं कुणी म्हणेना; आवडतो की नाही ते गादीवरच ठरायचं. पोरं यायची, पाव तास खेळायची, अप्पा घड्याळ बघून उठवायचे, आणि बरीचशी खरंच विकत घेऊन जायची. दिवाळीला आलोक स्वतःहून जास्तीचा माल घेऊन आला.

एक गोष्ट मात्र बिघडली. अप्पांना गाडीच्या शर्यतीचा नाद लागला. वळण आलं की ते धोतरासकट डावीकडं कलायचे आणि समोरच्या गाडीला "सरक की रं बाजूला!" म्हणून ओरडायचे. त्यांना पाव तासाचा नियम लागू नव्हता. फक्त संध्याकाळी सहाला ते मुकाट्यानं उठायचे, कारण तेव्हा दीपाली यायची. दोन वर्षं ती त्या गादीच्या कोपऱ्यात बसली, आणि तिच्या नादानं अप्पांनाही काळजाचे चारही कप्पे पाठ झाले.

दीपालीचा नांदेडला मेडिकलला नंबर लागला. पेढे घेऊन मायलेकी आल्या. कावेरीबाईंनी पिशवीतून नव्या खणात गुंडाळलेली डबी काढली आणि अप्पांच्या पुढं धरली.

"ही परत घ्या. पैसं नगं. माझ्यासारखी कुणी आली तर तिला द्या."

पाटी अजून तिथंच होती, लाल अक्षरांची. राजश्रीनं पाटीकडं पाहिलं आणि मग सासऱ्यांकडं. अप्पांनी डबी दोन्ही हातांनी घेतली.

"वरखडा न्हाई पडू दिला तिनं," कावेरीबाई म्हणाल्या. "तपासून घ्या."

अप्पांनी डबी उघडली नाही. खणासकट ती छातीशी धरून ते तसेच गादीवर बसून राहिले. राजश्रीनं त्यांच्या डोळ्यांकडं एकदा पाहिलं आणि चहा सांगायला ती बाहेर गेली.